दुष्काळाच्या फोटोतला टँकर कुठे गेला? छायाचित्र स्पर्धेच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
यंदाच्या विभागीय छायाचित्र स्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक

सप्रेम नमस्कार.

'दुष्काळ आणि जनजीवन' या विभागात तुम्ही ज्या फोटोला पहिला क्रमांक दिलात, तो फोटो खरा नाही. आणि 'मुक्त कला' विभागातून जो फोटो तुम्ही लबाडीचा शेरा मारून बाद केलात, त्यात कसलीही लबाडी नव्हती. या दोन्ही निर्णयांबद्दल मी आधी फोन केला, मग लेखी दिलं. "मॅडम, आजकाल सगळेच करतात," एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर मला मान्य नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं आधी सांगते. अंबाजोगाईत माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज, करिझ्मा अल्बम, फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फोटो ही रोजची कामं. सोबत वर्तमानपत्रांसाठी केज, धारूर, परळी या भागातल्या बातम्यांचे फोटो काढते. म्हणजे एडिटिंगवर माझं घर चालतं आणि एडिटिंगला हात न लावण्यावर माझी बातमीतली पत टिकून आहे. या दोन्ही गोष्टी एकाच कॉम्प्युटरवर, एकाच खुर्चीत बसून मी करते. तुमच्या स्पर्धेत माझा एकही फोटो नव्हता, त्यामुळे माझं बक्षीस गेलं म्हणून मी ओरडते आहे असं कृपया समजू नका.

पहिली तक्रार पहिल्या क्रमांकाची. तो फोटो ज्या विहिरीवरचा आहे, तिथे त्याच सकाळी मीही उभी होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण फोटोतल्या बायांचा यात काही दोष नाही. त्या दिवशी टँकर आला, टँकरवाल्याने पाइप विहिरीत सोडला आणि पाणी पडायला लागल्याबरोबर काठावरच्या बायांनी पोहरे टाकले. आपल्याकडे कितीतरी गावांत उन्हाळा असाच जातो. टँकरचं पाणी आधी विहिरीत ओततात आणि मग तेच पाणी बाया शेंदून काढतात. तळाचा गाळ ढवळलेलं गढूळ पाणी, आणि तेही बघता बघता संपतं. माझ्या फोटोत टँकरचा मागचा भाग आहे, पाइप आहे, चार बाया आहेत आणि वर पांढरंफटक आभाळ आहे. त्या आभाळात बघण्यासारखं काही नाही. मे महिन्यात दिवस वर आला की आपलं आभाळ तसंच दिसतं.

तुमच्या विजेत्या फोटोत टँकर नाही. आभाळ तांबडं-काळं, आत्ता वादळ सुटेल असं. विहिरीभोवती हाताचा पंजा आत जाईल एवढाल्या भेगा. आणि कोपऱ्यात रिकामी घागर घेऊन उभं असलेलं एक उघडं पोर, जे त्या सकाळी तिथे नव्हतं.

प्रदर्शनात मी त्या फोटोच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. अशा भेगा तळ्याच्या वाळलेल्या गाळाला पडतात, काळ्या रानाला पडतात. ही विहीर माळावरची आहे आणि तिच्याभोवती मुरूम आहे. मुरमाला अशा भेगा पडत नाहीत, हे शेतकऱ्याच्या घरातलं कुणीही सांगेल. बायांच्या सावल्या विहिरीकडे पडल्या आहेत, पोराची सावली उलट्या बाजूला. टँकर पुसून टाकला, पण त्याच्या गळक्या पाइपाने झालेला चिखल पुसायचा राहिला. त्यामुळे भेगाळलेल्या जमिनीच्या मधोमध एक ओला पट्टा दिसतो आणि तो कशाने झाला याचा फोटोत कुठेच पत्ता नाही. परीक्षकांपैकी एकालाही तो चिखल दिसला नाही का?

यावर तुमच्यातले एक जण मला म्हणाले, "टँकर काढला तर काय बिघडलं? दुष्काळ तर खराच आहे ना?" बिघडलं ते असं. त्या टँकरमुळे बघणाऱ्याला कळत होतं की गावची विहीर आटली आहे, सरकारदरबारी ते मान्य झालेलं आहे, पाणी येतं आहे आणि ते या तऱ्हेने येतं आहे. त्या बाया कुणाची वाट बघत होत्या, कुणाशी भांडत होत्या, हे टँकरमुळे कळत होतं. तो गेला आणि उरला कुठल्याही देशातला, कुठल्याही सालातला दुष्काळ. बघणारा चुकचुकतो आणि पुढच्या फोटोकडे जातो. विचारायचा प्रश्नच त्याच्या हातातून काढून घेतलेला असतो.

दुसरी तक्रार बाद केलेल्या फोटोची. तो धारूर तालुक्यातल्या एका मुलाचा. त्याची प्रिंट माझ्याच स्टुडिओत निघाली, हे मी आधीच सांगून टाकते. दसरा-दिवाळी झाली की त्या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला गेलेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या भागात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, टाकून राहतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. घरी राहतात म्हातारी माणसं, नाहीतर नुसती कुलपं. या मुलाने आपल्या घराच्या बंद दाराचा फोटो काढला. मग आईवडिलांकडे गेला. कोपीसमोर चुलीवर भाकरी थापणारी आई आणि कोयत्याला धार लावणारे वडील, असा दुसरा फोटो काढला. आणि त्या दोघांना उचलून आणून आपल्या घराच्या ओसरीवर बसवलं. दारावर दुपारचं ऊन आहे आणि आईवडिलांच्या अंगावर संध्याकाळचा उजेड. दोन्ही उजेड एकसारखे करणं त्याला सहज जमलं असतं, मी त्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "नको ताई, ते तिथले आहेत हे दिसू दे." फोटोखाली त्याने स्वच्छ लिहिलं होतं की ही दोन ठिकाणचे फोटो जोडून केलेली कलाकृती आहे.

तुम्ही शेरा मारलात, "तांत्रिक लबाडी, मूळ छायाचित्र नाही." यात फसवलं कुणाला? करणाऱ्याने काय केलं ते स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. विभागाचं नाव मुक्त कला. तरी तो लबाड, आणि न सांगता टँकर गायब करणारा विजेता!

फोटो जोडून चित्र करणं हे काही फोटोशॉपने आणलेलं खूळ नाही. ते सॉफ्टवेअर आलं १९९० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८५७ मध्ये, ऑस्कर रेजलँडर याने इंग्लंडमध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंथोरलं चित्र केलं होतं. वाद तेव्हाही झाला. पण आपण ते कसं केलं हे त्याने जाहीरपणे सांगितलं होतं, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. त्या चित्राला कुणी बातमी समजलं नाही, कारण त्याने तसा दावाच केला नव्हता.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. माझ्या वडिलांच्या काळात तोंडावर देवीचे व्रण असलेली माणसं स्टुडिओत नेहमी यायची. वडील निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड सोडून, टोकदार पेन्सिलीने एकेक व्रण भरायचे. फार डोळेफोडीचं काम. तो फोटो घरात भिंतीवर लागायचा आणि माणूस खूश व्हायचा. पण त्याच माणसाला लायसन्ससाठी किंवा बँकेसाठी फोटो हवा असला की वडील पेन्सिल उचलत नसत. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही. घरातला फोटो त्या माणसाला स्वतःसाठी हवा होता. ओळखपत्रावरच्या फोटोवर दुसऱ्या कुणीतरी विश्वास ठेवायचा होता. सगळा फरक एवढाच आहे आणि तो मला शाळेत असताना कळला होता. डार्करूममध्ये, निगेटिव्हवरून फोटो मोठा करून कागदावर उतरवणाऱ्या एनलार्जरखाली तळहात हलवत ते चेहरा उजळ ठेवायचे आणि आभाळ गडद करायचे. ते बातमीच्या फोटोतही चालायचं, कारण जे होतं तेच जास्त नीट दिसायचं. नसलेलं काही येत नव्हतं आणि असलेलं काही जात नव्हतं.

आज माझ्याकडे बाया येतात, हातात नवऱ्याचं आधार कार्ड. तेवढाच फोटो असतो. "याला फेटा बांधा, कोट घाला, आणि माझ्याशेजारी बसवा, आमचा दोघांचा एकत्र फोटोच नाही," म्हणतात. मी बसवते. खांद्याला खांदा नीट लागेपर्यंत काम करते, कपड्याची घडी जुळवते, दोघांच्या चेहऱ्यावरचा उजेड एक करते. याला कुणी खोटेपणा म्हणालं तर मी भांडेन. पण स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलीला गोरी करून द्या म्हटलं, की मी नाही म्हणते. तिथे तो फोटो बघून दुसरं घर निर्णय घेणार असतं, आणि उद्या त्याची किंमत त्या पोरीला सासरी मोजावी लागते. दोन्हीकडे सॉफ्टवेअर तेच आणि हातही माझेच असतात. तुमच्या परीक्षकांनी हात बघितले, कुणाला काय शब्द दिला होता ते बघितलं नाही.

तिसरी तक्रार नियमांची आणि ती थोडक्यात. पत्रकात एकच ओळ होती, "अति एडिटिंग केलेली छायाचित्रे स्वीकारली जाणार नाहीत." अति म्हणजे किती? कुठल्या विभागात किती? कॅमेऱ्यातली मूळ फाइल तुम्ही कुणाकडेच मागितली नाही. मग कशाच्या आधारावर एकाला पास केलंत आणि दुसऱ्याला नापास?

आता "सगळेच करतात" याबद्दल. सगळे करत नाहीत. सीरियाच्या युद्धात नार्सिसो कॉन्ट्रेरास या छायाचित्रकाराने एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीशी त्याचा काही संबंध नव्हता, फक्त डोळ्याला खुपत होता. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. त्याच्या सुमारे ५०० फोटोंची तपासणी झाली, दुसरी चूक सापडली नाही, तरीही. आदल्याच वर्षी पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या चमूत तो होता. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले. म्हणजे करणारे आहेत, पण पकडणारेही आहेत. निसर्ग छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हाच दंडक आहे. फोटोतलं काही काढायचं नाही, काही घालायचं नाही, कडा कापल्या तर चालतं.

"मोबाइलचा कॅमेरा स्वतःच एडिटिंग करतो," असंही तुमच्याकडून आलं. करतो, हे खरं. एका क्लिकमध्ये तो अनेक फोटो घेऊन एक करतो, अंधार उजळतो, कातडी गुळगुळीत करतो. २०२३ मध्ये एका बड्या कंपनीच्या मोबाइलवर, चंद्राच्या फोटोत तो नसलेले बारकावे भरतो म्हणून जगभर टीका झाली. पण यंत्र ढवळाढवळ करतं म्हणून माणसाने टँकर पुसावा, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट यंत्रं अशी झाली आहेत म्हणूनच परीक्षकांनी जास्त डोळे उघडे ठेवायचे. आता एक ओळ टाइप केली की एआय दुष्काळी गाव आख्खं तयार करून देतं, विहिरीसकट, बायांसकट. त्याला तुम्ही पुढच्या वर्षी काय म्हणणार आहात?

हे सगळं मी एवढं मनाला का लावून घेते, ते सांगते. आपल्या भागात फोटो हा पुष्कळदा गरिबाचा एकमेव पुरावा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं कशी गाडली गेली हे बाहेरच्या लोकांनी फोटोंतून पाहिलं आणि मदतीचा ओघ लागला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला पाण्याच्या दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या फोटोत कुणी दहाच्या वीस वाघिणी केल्या असत्या तर? चित्र जास्त भव्य दिसलं असतं, आणि लातूरला पाणी पुरलं असाही समज झाला असता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. तलाठी पंचनाम्याला बांधावर पोहोचेपर्यंत पाणी ओसरतं. मग शेतकऱ्याच्या हातात काय उरतं? गुडघाभर पाण्यात उभं राहून, जीपीएसचा शिक्का येणाऱ्या ॲपने काढलेला एक फोटो. कितीतरी जण तो प्रिंट करायला माझ्याकडे येतात. अर्जाला जोडायचा असतो. बरेचदा ओला मोबाइल पुसत पुसत देतात.

त्या फोटोकडे बघून टेबलापलीकडचा माणूस एक दिवस म्हणेल, "हे काय, एडिटिंग केलेलं असेल." आणि त्याला तसं म्हणायची सोय तुमच्यासारख्यांच्या बक्षिसांनी होते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराच्या वेळी केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानेच पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचा फोटो टाकला होता. त्यात खिडकीतून दिसणारं दृश्य चिकटवलेलं निघालं. हसं झालं आणि फोटो काढून टाकावा लागला. सरकारी खात्याचं हसं होऊन भागतं. शेतकऱ्याच्या फोटोवर कुणी बोट ठेवलं तर त्याची मदत अडकते. ज्या विहिरीवर टँकर येतो, तिथल्या सरपंचाने उद्या खेपा वाढवून मागितल्या आणि सोबत तुमचा बक्षीसपात्र फोटो जोडला, तर अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल की या फोटोत टँकर कुठे दिसतोय, आणि नसलेल्या टँकरच्या खेपा कशा वाढवायच्या?

त्या विजेत्या तरुणावर माझा राग नाही. त्याचा मूळ फोटो मी पाहिलेला नाही, पण त्याचा कोन माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य करायला मला जड जात नाही. विहिरीच्या काठावरून खाली वाकलेल्या बायांचे हात त्याने फार छान पकडले आहेत. टँकरसकट आणि पांढऱ्या आभाळासकट तो फोटो दिला असता तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या. त्याला कुणीतरी शिकवलं आहे की साधं आभाळ असलं की बक्षीस मिळत नाही. आणि यंदा तुम्ही ते खरं करून दाखवलंत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विजेत्या फोटोची कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा आणि ती प्रदर्शनात त्या फोटोशेजारी लावा. फाइल मिळाली नाही, किंवा मी म्हणते तसे बदल आढळले, तर त्या विभागातला पहिला क्रमांक मागे घ्या. त्या तरुणाला अपमानित करू नका. त्याची इच्छा असेल तर तोच फोटो मुक्त कला विभागात, काय बदललं ते लिहून, ठेवा.

धारूरच्या मुलाची कलाकृती पुन्हा दाखल करून घ्या आणि दुसऱ्या परीक्षकांकडून तपासा. बक्षीस द्याच असं मी म्हणत नाही. शेरा मात्र लेखी मागे घ्या. ऊसतोड मजुराच्या पोराच्या नावापुढे 'लबाडी' हा शब्द तुमच्या कागदावर राहता कामा नये.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात वृत्त, जनजीवन आणि निसर्ग हे विभाग एकीकडे आणि कला विभाग दुसरीकडे, असे नियम वेगळे छापा. पहिल्या गटात उजेड, रंगाचा तोल आणि कडा एवढंच चालेल, आणि अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येकाने मूळ फाइल द्यायची. दुसऱ्या गटात काहीही करायची मुभा असू द्या, फक्त काय केलं ते फोटोखाली मराठीत लिहायचं. एआयने तयार केलेल्या चित्रांना वेगळा विभाग करा, नाहीतर स्पष्ट नकार द्या, पण गप्प बसू नका. आणि परीक्षकांत निदान एक जण असा घ्या, ज्याने टँकरच्या विहिरीवर उन्हाळा काढला आहे.

प्रदर्शन पुढे परभणी आणि नांदेडला जाणार आहे असं ऐकते. तो फोटो 'दुष्काळ' म्हणून तिथे लागण्याआधी हे व्हावं. त्या सकाळी मी काढलेल्या सगळ्या फोटोंच्या मूळ फाइली, तारीख-वेळेसकट, माझ्याकडे आहेत. तुम्ही सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या ठिकाणी हार्डडिस्क घेऊन येते. विजेत्यालाही बोलवा. दोघांचे फोटो एकाच पडद्यावर शेजारी लावा आणि निर्णय तिथेच, सगळ्यांसमोर द्या.

आपली,
एक स्टुडिओचालक व छायाचित्रकार
अंबाजोगाई, जि. बीड